ब्रिटा तशी बरी आहे

"तुमच्या मुलीत विशेष काय आहे?" असं शाळेतल्या मिस डेल्गाडोंनी विचारलं, तेव्हा व्हर्लिन ऑस्टबीने बराच विचार केला, खिडकीबाहेर बघितलं, टोपी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाला, "ब्रिटा ना? तशी बरी आहे."

आणि लगेच त्याला वाटलं, जरा जास्तच बोलून गेलो की काय?

मिस डेल्गाडो पेन उघडून पुढच्या वाक्याची वाट बघत बसल्या. पुढचं वाक्य नव्हतंच. व्हर्लिनच्या मते झालं होतं सांगून.

आता यात त्या बिचाऱ्याची चूक काय, तुम्हीच सांगा. आमच्या विलो फोर्कमध्ये 'बरी आहे' ही कौतुकाची शेवटची पायरी. तिच्या वर काही नाही. आमचे पणजोबा-खापरपणजोबा नॉर्वेहून मिनेसोटाला आले ते बोटीत तोंड मिटून बसून आले, आणि ते अजून कुणी नीट उघडलेलं नाही. ड्वेन हॉगलंडने तळ्याच्या बर्फाला भोक पाडून हाताएवढा लांब मासा काढला, अख्खं गाव बघायला लोटलं, तेव्हा त्याचा सख्खा भाऊ म्हणाला, "खाण्यापुरता आहे." ड्वेन पुढे कितीतरी दिवस हवेत होता. आणि स्वतःच्या पोरांचं कौतुक? ते तर चारचौघांत सदरा काढून उभं राहण्यासारखं.

व्हर्लिनचा धंदाच मुळी किंमत ठरवण्याचा. काउंटीच्या कचेरीत बसून तो घरपट्टीसाठी गावातल्या प्रत्येक घराची किंमत ठरवतो. तुमचं गळकं गॅरेज, मोडकी पायरी, सगळ्याचा आकडा त्याच्याकडे तयार. पण पोटच्या पोरीची किंमत सांगायची वेळ आली आणि साहेबांची बोबडी वळली.

मिस डेल्गाडो न्यू जर्सीच्या. शाळेत अकरावी-बारावीच्या मुलांना पुढचा रस्ता दाखवायचं काम त्यांच्याकडे. तिकडे म्हणे लोक मनात येईल ते तोंडाने बोलतात. कसे राहत असतील कोण जाणे.

"मिस्टर ऑस्टबी," त्या म्हणाल्या, "ब्रिटा अकरावीत आहे. पुढच्या वर्षी ती शाळा संपल्याचा झगा घालून बाहेर पडेल. त्याआधी कॉलेजची माणसं तिला समोर बसवून हाच प्रश्न विचारणार. ती काय सांगेल?"

व्हर्लिनला ते डोळ्यांसमोर दिसलं. ती म्हणेल, 'काही नाही.'

"गेल्या वर्षीचा तो कुस्तीतला राज्यविजेता आठवतो? मुलाखतीत काय म्हणाला ठाऊक आहे? 'अधूनमधून जरा झटापट करतो.' त्या लोकांनी मला फोन करून विचारलं, पोरगा मारकुटा आहे का! नाही घेतला त्याला. म्हणून यंदापासून नियम केलाय. अकरावीच्या प्रत्येकाने सरावाची मुलाखत द्यायची, नाहीतर शेवटी तो झगा मिळणार नाही. प्रश्न विचारायला गावातली मोठी माणसं हवीत. तुम्ही याल?"

"छे छे, मला कुठलं जमतंय."

"जमेल हो. याल ना?"

"नको, माझ्याहून चांगली माणसं आहेत गावात."

"अहो, याच तुम्ही!"

झालं. इथे घात झाला. आमच्याकडे कुणी कॉफी विचारली की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'उगाच त्रास कशाला' म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, अर्धा कप' म्हणून कप पुढे करायचा. हा रिवाज आहे. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस हावरट, आणि तिसऱ्याला नाही म्हणणारा उद्धट. मिस डेल्गाडोंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या नुसत्याच चिवट होत्या. व्हर्लिनचं 'नको' अगदी मनापासूनचं होतं, पण तिसऱ्यांदा विचारल्यावर बोलणंच खुंटलं.

"बरं," तो खोल गेलेल्या आवाजात म्हणाला, "तुम्ही एवढं म्हणताय तर."

घरी त्याची बायको कॅरीन ओव्हनमधून हॉटडिश, म्हणजे आमचा बटाटा-खिम्याचा भाजलेला पदार्थ, काढत होती. बातमी ऐकून तिने भांडं खाली ठेवलं.

"तू? तू प्रश्न विचारणार? लग्नाचं विचारायला तुला दोन हिवाळे लागले. आणि मी रीतीप्रमाणे एकदा नाही म्हटलं, तर गाडीत जाऊन बसलास!"

"त्यात ती एप्रिलमध्ये बॉस्टनकडची बाई येतेय," व्हर्लिन म्हणाला. "त्या कॉलेजची."

त्या बाईचं दोघांनाही भय होतं. त्या कॉलेजात उन्हाळ्यात अकरावीच्या मुलांसाठी नदीकाठी शाळा भरते. खर्च सगळा कॉलेजचा, आणि तिथे जाऊन आलेल्या पोराला पुढे कॉलेजचं दार उघडं. आमच्या भागातून एकच जागा. ब्रिटाला विचारलं तर ती म्हणाली होती, "गेलं तरी चालेल." ते ऐकून व्हर्लिनला घाम फुटला होता. ब्रिटाच्या तोंडून 'गेलं तरी चालेल' म्हणजे पोरगी त्यासाठी जीव टाकतेय.

आणि टाकणारच. पोरीला पाण्याचं वेड. आमच्या चर्चच्या तळघरात दर वसंतात पाणी शिरायचं. इंजिनिअर येऊन गेले, बिलं देऊन गेले, पाणी आपलं तिथेच. मागच्या वर्षी ब्रिटाने शेजारच्या आर्डिसबाईंकडून लोणच्याच्या बिटाचा बादलीभर रस मागून आणला आणि पशुखाद्याच्या दुकानामागच्या चरात ओतला. दुपारी चर्चच्या तळघराच्या कोपऱ्यातून गुलाबी पाणी! जमिनीखाली कुणाच्याही आठवणीत नसलेला जुना मातीचा पाइप होता. तो बुजवला, तळघर कोरडं झालं. रविवारी पाद्री म्हणाले, "तळघर आता कोरडं आहे," आणि लगेच पुढची सूचना वाचली. घरी येताना व्हर्लिनला काहीतरी बोलायचं होतं. तो म्हणाला होता, "बीट वाया नाही गेलं."

बातमी फुटायला वेळ लागला नाही. ड्वेन कुंपणापाशी आला. "मुलाखतीत काही बोलूच नये," तो म्हणाला. "बूट स्वच्छ हवेत. माणूस बुटांवरून कळतो." आर्डिसबाई लिंबाच्या वड्यांचा ट्रे घेऊन आल्या, दोनदा बसायला नको म्हणाल्या आणि बसल्या. त्यांच्या भाच्याचा मुलगा म्हणे मुलाखतीत फार बोलला. "घेतलं की त्याला शिकागोत. तेव्हापासून आलाच नाही परत. आता सकाळी उठून हिरवं काहीतरी पितो." मग हळूच म्हणाल्या, "ब्रिटा गेली म्हणजे तुमच्याकडे सामसूम होईल, नाही?"

व्हर्लिनने हा विचार इतके दिवस मनाच्या कोपऱ्यात दाबून ठेवला होता. पोरगी नाकारली गेली तर काय ही एक भीती, आणि घेतली गेली तर काय ही तिची थोरली बहीण. दोघींच्या मधे बसून त्याने चार वड्या खाल्ल्या.

पुढे सरकारी काम. शाळेतल्या मुलांसमोर बसायचं तर शेरीफच्या ऑफिसात बोटांचे ठसे द्यावे लागतात. तिथे होता लायल, ज्याच्या घरामागचा नवा लाकडी ओटा व्हर्लिनने मागच्याच वर्षी घराच्या किमतीत धरला होता. "नीट उठलं नाही, परत," लायल म्हणायचा आणि बोट धरून दाबायचा. "ओटा बांधल्यापासून हात जरा जड झालाय माझा." काळी बोटं घेऊन व्हर्लिन बाहेर पडला तर रस्त्यापलीकडे आर्डिसबाई. त्यांनी बघितलं, मान वळवली आणि सभ्यपणे काही विचारलं नाही. आमच्याकडे विचारत नाहीत. संध्याकाळपर्यंत पायरीवर हॉटडिशची तीन भांडी येऊन पडली, मयताच्या घरी पाठवतात तशी. "व्हर्लिनने काय केलंय म्हणे?" असं फोनवर कॅरीनला तिच्या आईनेच विचारलं.

सराव चर्चच्या तळघरातच ठेवला होता, कारण ते कोरडं होतं. मुलांबरोबर आईबापही येऊन बसले होते. पहिल्या खुर्चीवर कॉर्बिन नावाचा दांडगा मुलगा येऊन बसला.

"तुझ्यात विशेष काय आहे?" व्हर्लिनने खालमानेने विचारलं. एखाद्याला पगार विचारल्यासारखी त्याला लाज वाटत होती.

"माझा भाऊ बरा आहे," कॉर्बिन म्हणाला.

मग दोघांनी छताकडे पाहिलं. थोड्या वेळाने कॉर्बिन म्हणाला, "बर्फ यंदा लांबलं." व्हर्लिनला हायसं वाटलं. दोघं बर्फावर छान बोलले. दुसरी मुलगी मिस डेल्गाडोंनी पढवून आणली होती. "मी हुशार आहे, मेहनती आहे, माझ्यात नेतृत्व आहे," असं ती एका दमात म्हणाली, लालबुंद झाली, "माफ करा" म्हणाली आणि उठून सरळ कप विसळायला गेली.

मिस डेल्गाडोंनी कपाळाला हात लावला. "मुलांचं सोडा. आईबापांनाच येत नाही हे! चला, प्रत्येकाने उभं राहून आपल्या मुलाबद्दल एक चांगलं वाक्य बोलायचं. मोठ्याने."

तळघरात कॉफीच्या मोठ्या पिंपातली गुरगुर ऐकू यायला लागली. व्हर्लिनची पाचावर धारण बसली. त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो उभा राहिला. समोर सगळं गाव आणि दुसऱ्या रांगेत ब्रिटा, वर बघत असलेली. तिच्याबद्दलची हजार वाक्यं त्याच्या घशात येऊन एकमेकांत अडकली. शेवटी त्यातलं सगळ्यात किरकोळ होतं ते निसटून बाहेर पडलं.

"ब्रिटा... वेळेवर येते."

लोकांनी समजून माना डोलावल्या. ब्रिटाने बुटांकडे बघितलं.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "मला बोलायचं होतं दुसरं."

"ठीक आहे बाबा," ब्रिटा म्हणाली. "वेळेवर येते मी."

ती चिडली असती तर परवडलं असतं. पण ती समजुतीने बोलली, आणि व्हर्लिन घाबरला तो तिथे. हिला खरंच वाटत असेल का, की आपल्या बापाला आपल्यात एवढंच दिसतं? आणि बापालाच दिसत नाही म्हटल्यावर पोरगी त्या बॉस्टनच्या बाईला कोणत्या तोंडाने सांगणार? घरापर्यंत त्याने चारदा तोंड उघडलं आणि चारही वेळा हवामानावर बोलला.

बॉस्टनकडच्या बाई, मिसेस व्हिटकॉम्ब, ठरल्या दिवशी आल्या. अंगात पातळ कोट, हातात चामडी बॅग, चालणं भराभर. मुलाखती तळघरातच होत्या. व्हर्लिनने मुद्दाम कॉफीचं काम अंगावर घेतलं, म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीआडून ऐकता येईल. आर्डिसबाई आणि ड्वेनही तिथेच 'कप पुसत' होते. सगळे कप आधीच कोरडे होते.

ब्रिटा समोर बसली. बूट लखलखीत होते, ड्वेनने पसंतीची मान डोलावली.

"तुला नद्यांची आवड आहे असं तुझ्या मिस डेल्गाडो म्हणतात. या तळघराचंही काहीतरी त्या सांगत होत्या."

"ते... सगळ्यांनी मिळून झालं," ब्रिटा म्हणाली. "बीट आर्डिसबाईंचं होतं."

खिडकीआड व्हर्लिनने टॉवेलचा बोळा तोंडात धरला. गेलं. सगळं गेलं.

पण बाई कच्च्या नव्हत्या. त्यांनी नदीचं विचारलं, गाळाचं विचारलं, बर्फ वितळल्यावर पाणी कुठून कुठे जातं ते विचारलं. पाण्याबद्दल बोलताना ब्रिटाला स्वतःचा विसर पडला आणि ती चांगली घडाघडा बोलली. बाई पुढे वाकून ऐकू लागल्या. शेवटी म्हणाल्या, "ब्रिटा, उन्हाळ्यात आमच्याकडे ये. ही जागा तुला द्यावी असं माझ्या मनात आहे."

व्हर्लिनने तोंडातला टॉवेल काढला.

"छे छे," ब्रिटा म्हणाली. "दुसऱ्या कुणाला तरी द्या."

शाबास, चांगलं वळण आहे पोरीला, असं आर्डिसबाईंच्या चेहऱ्यावर उमटलं.

"खरंच? नीट विचार कर. यायचंय का तुला?"

"नको, तुमची उगाच धावपळ."

स्वयंपाकघरात तिघांनी हातातले कप खाली ठेवले. आता तिसरं विचारणं. ब्रिटा खुर्चीच्या टोकावर सरकून बसली, 'बरं' ओठांवर तयार. बाईंनी तोंड उघडलं.

"बरं तर," मिसेस व्हिटकॉम्ब म्हणाल्या. त्यांनी बॅग बंद केली, ब्रिटाचा हात हातात घेऊन हलवला आणि जिन्याने वर निघून गेल्या.

ब्रिटा तशीच बसून राहिली. व्हर्लिनने तिचा चेहरा बघितला. लहानपणी तळ्यावर तिचा फुगा सुटून गेला होता, तेव्हा ती अशीच न रडता वर बघत राहिली होती.

"तिसऱ्यांदा विचारलंच नाही," ड्वेन कुजबुजला. "कसली बाई आहे!"

"थांबेल थोडी," आर्डिसबाई म्हणाल्या. आमच्याकडे निरोप घ्यायला निदान तासभर लागतो. आधी दारात, मग पायरीवर, मग गाडीच्या खिडकीपाशी. पण वर गाडीचं दार धाडकन लागल्याचं ऐकू आलं, आणि व्हर्लिन कमरेच्या एप्रनसकट धावत सुटला.

आर्डिसबाई त्याच्याही पुढे. एवढ्या वयात ट्रे घेऊन बाई जिना कशा चढल्या ते देवाला ठाऊक. त्यांनी गाडीची काच ठोठावली आणि वड्या पुढे केल्या.

"वाटेत खायला घ्या."

"नको, थँक्यू."

"घ्या हो."

"नको, खरंच नको. मला विमान गाठायचंय."

"अहो, एक तरी घ्या!"

मिसेस व्हिटकॉम्बनी हताश होऊन एक वडी उचलली. तेवढ्यात व्हर्लिन धापा टाकत गाडीच्या पुढ्यात येऊन उभा राहिला.

"पाहिलंत?" तो ओरडला. "तुम्ही दोनदा नको म्हणालात! आम्ही तिसऱ्यांदा विचारलं!"

बाईंनी दार आतून लॉक केलं.

"घाबरू नका, मी ब्रिटाचा बाप आहे. तिला यायचंय!"

"मग तसं सांगितलं का नाही तिने?"

"सांगितलं की! दोनदा नको म्हणाली. याहून स्पष्ट काय सांगणार?"

बाईंनी हातातल्या वडीकडे बघितलं, मग आर्डिसबाईंकडे, मग व्हर्लिनकडे. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं असावं. काच आणखी खाली आली. "मिस्टर ऑस्टबी, मला अजून पुष्कळ शाळा बघायच्या आहेत. तीच का, ते तुम्ही सांगा मला."

मागे चर्चच्या दारात सगळं गाव जमलं होतं. सगळ्यांची घरं त्याने मोजलेली, सगळे त्याला ओळखणारे. यापुढे दुकानात, पोस्टात, चर्चमध्ये याच लोकांना तोंड दाखवायचं होतं. पळून जावंसं वाटलं त्याला. पण पायरीवर ब्रिटा येऊन उभी राहिली होती, अंगात कोट न घालता.

"हे तळघर," व्हर्लिन म्हणाला, आणि आवाज फुटला. "हे तळघर सगळ्यांनी मिळून नाही कोरडं केलं. तिने एकटीने केलं. मोठमोठे इंजिनिअर हरले. ती चौथीत होती तेव्हापासून पाऊस पडला की बाहेर पळते, पाणी कुठे जातं ते बघायला, आणि मी तिला बूट चिखलात घालू नकोस म्हणून ओरडायचो. मला नदीकाठी उभं केलंत तर मला पाणी दिसतं. तिला ते कुठून आलं आणि कुठे जाणार ते दिसतं. बाई, माझी मुलगी हुशार आहे. फार हुशार आहे. आणि मला तिचा अभिमान वाटतो."

ड्वेन आभाळाकडे बघायला लागला. लायलने टोपी डोळ्यांवर ओढली. चारचौघांत असलं काही ऐकायची कुणाला सवयच नव्हती. कॅरीन तेवढी बाहीला डोळे पुसत होती, उघड उघड.

मिसेस व्हिटकॉम्ब गाडीतून उतरल्या, पायरीपाशी गेल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "ब्रिटा, तिसऱ्यांदा विचारते. उन्हाळ्यात येतेस?"

या वेळी ब्रिटाने बुटांकडे बघितलं नाही.

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही एवढं म्हणताय तर."

नंतर घरी जाताना गाडीत ती दोघंच होती. कॅरीन आर्डिसबाईंचा ट्रे पोचवायला मागे राहिली होती. इतके दिवस दाबून ठेवलेली ती थोरली भीती आता पुढच्या सीटवर ऐसपैस येऊन बसली होती. जून आला की ही जाणार. आधी उन्हाळ्यापुरती, मग कायमची. आणि दार कुणी उघडून दिलं? आपणच, एप्रन नेसून.

"बाबा," ब्रिटा म्हणाली, "जरा जास्तच बोललात तुम्ही."

"हो."

"सगळ्यांसमोर."

"हो गं."

शेतांवरचं बर्फ वितळत होतं, चरांतून पाणी वाहत होतं. ती खिडकीतून ते कुठे चाललंय ते बघत होती.

"परत म्हणा ना."

"काय?"

"तेच. शेवटचं."

"छे, आता कशाला," व्हर्लिन म्हणाला.

"म्हणा ना."

"नको गं, उगाच."

ब्रिटा वळली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"बाबा, तिसऱ्यांदा विचारतेय."

मग काय करणार? रिवाज म्हणजे रिवाज. व्हर्लिनने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि परत म्हणाला.